फोन ज्याचा त्याचा, बॅटरी वाड्याची

बन्सीमामा जेवायला बसले की पहिल्या घासाआधी फोनची पाठ उघडत. आतली बॅटरी नखाने उचकटून काढत, गालाला लावून ती किती तापली आहे ते बघत आणि पागोट्याच्या शेवाने पुसून पुन्हा बसवत. चिकलठाण्याला आमच्या घरी आले तरी हाच प्रकार. माझी आई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, भाकरी हातात घेऊन उभी आणि मामा बॅटरी गालाला लावून बसलेले. "तापली म्हंजी दमली, अक्का," ते सांगत. "दमलेल्याला जरा बसू द्यावं. मंग ते मेंढरू आसू नायतर बॅटरी." आई म्हणे, "अन् मी उभी राहून दमले त्याचं काय?"

मामा मेंढपाळ. गाव पिशोर, पण गावात ते पावसाळ्यापुरते. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, मेंढ्या पुढे घालायच्या आणि बिडकीनच्या पलीकडे, पैठणच्या अंगाला निघायचं. तिथे रिकाम्या वावरांत मेंढ्या बसवतात. शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढ्यांना चारा. पाच बिऱ्हाडं मिळून फिरतात आणि या फिरत्या तळाला ती माणसं वाडा म्हणतात. भिंत नाही, छप्पर नाही, तरी वाडाच. आणि मी त्यांचा भाचा, पैठण गेटला मोबाइलच्या सामानाचं दुकान चालवणारा. कव्हर, काच, केबल, चार्जर, पॉवर बँक. फोनच्या बाबतीत आपल्याला शिकवणारा अजून जन्मायचाय, अशी माझी पक्की समजूत होती. आता नाही.

मामांकडे बटणांचा एक जुना फोन आणि चार बॅटऱ्या होत्या. एक फोनमध्ये, तीन कमरेच्या चंचीत, तंबाखूच्या शेजारी. मेंढ्या ओळखायला पाठीवर रंगाचा ठिपका देतात ना, तोच रंग त्यांनी बॅटऱ्यांनाही लावला होता, आणि नावंही मेंढ्यांचीच. एकदा माझ्या दुकानाच्या काउंटरवर त्या ओळीने मांडून त्यांनी मला ओळख करून दिली. "ही ढवळी. दीड दिस चालती, कुरकुर नाय. ही बांडी, एक दिस. ही काळी, थंडीत जरा आळशी. अन् ही लंगडी. सकाळी घातली की दुपारला बसती. पर नडीला धावती, म्हणून टाकवत नाय." माझी गिऱ्हाइकं तोंडावर हात ठेवून हसत होती. मामांना त्याचं काही नव्हतं.

तळ पडला की जवळच्या शेतकऱ्याच्या घरी ते चिमट्याचा चार्जर लावून येत. त्यात नुसती बॅटरी अडकवायची असते, फोन आपल्याच खिशात राहतो. "फोन लोकाच्या घरी ठिवला अन् तेवढ्यात कावेरीचा फोन आला, तर?" कावेरी त्यांची एकुलती लेक, अकरावीपासून आमच्याकडे राहून शिकणारी. रोज दिवस मावळायला तिला फोन करायचे, तोही मिनिटभर. जेवलीस का, अभ्यास झाला का, ठीक हाय, ठिव. तिला अजून बोलायचं असायचं. "उगं बोलत बसलं की बॅटरी उतरती," असं म्हणून ते फोन ठेवून द्यायचे.

आणि त्यांचा एक कायदा होता. वाड्यातल्या पाचही बिऱ्हाडांनी एकसारखाच फोन घ्यायचा, म्हणजे कुणाचीही बॅटरी कुणालाही बसते. एका गड्याने हौसेने मोठ्या पडद्याचा फोन आणला, तर मामा आठ दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत. "त्याची बॅटरीच निघत नाय. मंग त्यो वाड्याच्या काय कामाचा?" त्या बापड्याने शेवटी तो फोन मेहुण्याला देऊन टाकला आणि बटणांचा घेतला. "फोन ज्याचा त्याचा, बॅटरी वाड्याची," हे मामांचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचो, "मामा, कुठल्या जमान्यात राहता? बॅटरी काढायची-घालायची, हे आता कुणी करतं का?"

दिवाळीच्या महिनाभर आधी मी त्यांना दुकानातली सगळ्यात मोठी पॉवर बँक दिली. वीस हजार एमएएचवाली. "तुमच्या पंधरा-वीस बॅटऱ्या हिच्या पोटात बसतील," मी ऐटीत सांगितलं. मामांनी ती हातावर तोलली. "दगूड हाय का रं?" पण भाच्याने दिली म्हणून घेतली. आठवड्याने पिशोरहून फोन.

"भाच्या, तुझा डबा झोपतो."

"झोपतो म्हणजे?"

"फोन लावला की दिवा लागतो. म्या तंबाकू मळस्तोवर दिवा गेला. फोन तसाच उपाशी."

"पिन नीट बसली नसेल."

"बसली व्हती."

"बटण दाबलं नसेल."

"दाबलं व्हतं बाबा. दाबलं की उठतो, सोडलं की झोपतो."

"मग तुम्हाला जमत नाही, मामा," मी म्हणालो. फटकळपणा हा माझा जुना आजार आहे. मामा शांतपणे म्हणाले, "नसंल जमत. पर एक सांगतो, सारं दूध एका भांड्यात ठिवू नाय. भांडं कलंडलं की काय चाटायचं?"

मला राग आला. दिवसाकाठी दहा जणांना मी हीच वस्तू छातीवर हात ठेवून विकतो आणि मेंढरं राखणारा माणूस मला तिच्यातली खोट सांगतो. दिवाळीला मामा आमच्याकडे आले होते. ते अंघोळीला गेले तेव्हा मी त्यांच्या चंचीतल्या तिन्ही बॅटऱ्या काढल्या आणि दुकानाच्या खणात टाकल्या. बॅटऱ्याच नसल्या की झक मारून पॉवर बँक शिकतील, हा माझा हिशेब. आज हे लिहिताना माझे कान गरम होतात. भाऊबीज झाली आणि मामा वाड्याबरोबर निघून गेले.

इकडे कावेरीने नर्सिंगच्या पदवीसाठी अर्ज भरलेला. अर्जात मोबाइल नंबर लिहायची वेळ आली तेव्हा तिने डोळे झाकून आबांचा, म्हणजे मामांचा, लिहिला. मी शहरात, चोवीस तास रेंजमध्ये बसलेलो, पण मला विचारतो कोण! आमच्याकडे शाळेच्या पहिल्या दाखल्यापासून कागदावर बापाचाच नंबर जातो, मग तो बाप वर्षातले आठ महिने रेंजबाहेर का असेना. पहिल्या फेऱ्यांत तिचं नाव लागलं नाही. भावकीत कुजबुज सुरू झाली, एक स्थळही चालून आलं. मामांनी सगळ्यांना निक्षून सांगितलं होतं, "यंदाचं साल माझ्या लेकीचं. लागलं तर शिकंल. नाय लागलं तर तुमी म्हणाल तसं."

शेवटच्या फेरीत, सकाळी अकराला, तिचं नाव लागलं. सरकारी कॉलेज, वसतिगृहासकट. घरात आनंदाचा कल्लोळ झाला आणि पुढची ओळ वाचून थांबला. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत जागा पक्की करायची, नाहीतर ती यादीतल्या पुढच्याला जाणार. पक्की करायला सहा आकडी ओटीपी लागणार, तो मामांच्या फोनवर येणार आणि दहा मिनिटांत बाद होणार. कावेरीने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मामांचा फोन बंद असा आम्ही कधी ऐकलाच नव्हता. का बंद आहे ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

साडेबाराला मामांचाच फोन आला. पॉवर बँक रात्रभर लावून ठेवली होती, ती झोपली आणि फोन पहाटे मेला. मामीने शेजारच्या बिऱ्हाडातली बॅटरी आणून घातली, आता चालू झाला. कावेरीने भडाभडा सगळं सांगितलं. "थांब," मामा म्हणाले, "इथं आवाज तुटतोय. कालव्याच्या भरावावर जातो." कालव्याचा भराव तळापासून अर्ध्या कोसावर, तिथे रेंज येते. अर्ध्या तासाने ते वर पोचले.

त्या फोनवर बोलता बोलता मेसेज वाचणं मामांना जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनी फोन ठेवायचा, मेसेज वाचायचा, आकडे पाठ करायचे आणि परत फोन करायचा. पहिला ओटीपी गेला. मामांनी फोन करून मेंढ्या मोजल्यासारखे जोडीजोडीने आकडे सांगितले. "सत्तेचाळीस. पाच. एक्क्याण्णव." कावेरी थबकली. हे पाचच आकडे. "आबा, अजून एक असेल." "नाय गं, एवढंच हाय. मधी एक शून्य हाय, पर त्याला काय वाचायचं? ते तर काहीच नाय." ते शून्य नेमकं कुठे, हे विचारून घेईपर्यंत दहा मिनिटं उलटून गेली.

दुसऱ्या वेळी आमच्या कॉम्प्युटरवर चक्रच फिरत राहिलं. भरावावर रेंज येत-जात होती, त्यात सारखे फोन, बॅटरी भराभर उतरत होती. तिसऱ्या वेळी मामा "बावीस, चौऱ्याऐंशी..." म्हणाले आणि फोन मेला. घड्याळात चार वाजले होते. कावेरी भिंतीला टेकून बसली, रडलीही नाही.

अर्ध्या तासाने फोन वाजला. या वेळी कावेरीच्या हातून मीच घेतला. "मामा, तुमच्या बॅटऱ्या मी काढून घेतल्या होत्या. दिवाळीला. चंचीतून."

"मला म्हाईत हाय," मामा म्हणाले.

"माहीत आहे?"

"अरं, आयुष्यभर मेंढ्या मोजल्या म्या. चार बॅटऱ्या मोजायला किती येळ लागतो? घरून निघतानाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"भाचा हाईस. तुझ्या मनाला वाटलं, मामानं नवं शिकावं. वाईट थोडंच चिंतलंस. फिकर करू नगस, वाडा हाय ना. पोरीला फोन दे."

वाडा होता तो असा. मामी भराव ते तळ अशी धावत होती. प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या फोनची पाठ उघडून बॅटरी तिच्या पदरात टाकली होती. कुणाचा जावई बोलत होता, त्याला मध्येच तोडलं. ज्या गड्याने मोठ्या पडद्याचा फोन देऊन टाकला होता, त्याची बॅटरी सगळ्यात भरलेली निघाली. एक फोन चालू राहावा म्हणून त्या दुपारी वाड्यातले बाकी चारही फोन बंद होते. इकडे मी दुकानातून तसलाच जुना फोन मागवून पॉवर बँकेला लावून बघितला. दिवा लागला, थोड्या वेळाने गेला. जुना फोन इतका थेंबथेंब पितो की त्या मोठ्या डब्याला वाटतं, आपल्याला कुणी लावलेलंच नाही. मामांनी हे मला महिन्यापूर्वी सांगितलं होतं आणि मी म्हणालो होतो, तुम्हाला जमत नाही.

पावणेपाचला चौथा ओटीपी गेला. मामांचा फोन आला. या वेळी जोड्या नव्हत्या, एकेक आकडा ठासून सांगितला, शून्यासकट. "सहा. शून्य. तीन. तीन. आठ. एक. सहा आकडं झालं बघ." कावेरीने टाकले. चक्र फिरलं, थांबलं आणि पडद्यावर हिरवी खूण आली. जागा पक्की.

"आबा, झालं," ती म्हणाली.

"झालं म्हंजी? पक्कं?"

"पक्कं. मी नर्सिंगला लागले."

पलीकडून वारा ऐकू येत होता आणि लांबवर मेंढ्या. मग मामा म्हणाले, "बरं. ठिव." आणि सवयीने फोन ठेवून दिला. आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. एवढा मोठा डाव जिंकला आणि हा माणूस बॅटरी वाचवतोय!

दोनच मिनिटांत पुन्हा फोन. "अय पोरी, जरा जोरात बोल. समदे हितंच आलेत. काय झालं ते पयल्यापासून सांग." कावेरीने सांगितलं. मग फोन मामीकडे गेला, मामी नुसतीच रडली. मग एकेक बिऱ्हाड बोललं. मोठ्या पडद्यावाला गडी म्हणाला, "ताई, बॅटरी माझी व्हती बरं का." कुणी सुई टोचताना हात हलका ठेव म्हणालं, कुणी आत्ताच गुडघ्याचं दुखणं सांगायला बसलं. अर्धा तास झाला. कावेरीलाच राहवेना. "आबा, ठेवा आता. बॅटरी उतरेल."

"उतरू दे," मामा म्हणाले. "आज समद्या उतरू दे. तू बोल."

ती बोलत राहिली. कॉलेज कुठे आहे, वसतिगृह कसं असतं, पांढरा गणवेश कुठल्या वर्षी मिळतो. मध्ये दोनदा आवाज तुटला, दोनदा दुसरी बॅटरी घालून मामा परत आले, आणि दर वेळी म्हणाले, हां, पुढं? सहाच्या सुमारास ती परीक्षेचं काहीतरी सांगत असताना फोन पुन्हा तुटला. मिनिट गेलं, दहा मिनिटं गेली, या वेळी मामा परत आले नाहीत. कावेरीने लावून बघितला. बंद. वाड्यातल्या पाचही फोनांत आता थेंब उरला नव्हता. आईने देवापुढे दिवा लावला, मी गुलाबजाम आणायला बाहेर पडलो, आणि मामांचा फोन बंद लागतोय याची त्या संध्याकाळी घरात कुणालाच फिकर नव्हती.