वरची रेघ

रविवारी दुपारी आम्ही बेसनाच्या वड्या पाडल्या. शेजारणीच्या मुलीचं डोहाळजेवण होतं आणि माझ्या बायकोने, हिने, ताटभर वड्या द्यायचं कबूल केलं होतं. थापलेल्या बेसनावर माझी लाकडी पट्टी मी दाबून धरायची, हिने कडेने सुरी ओढायची. दर वेळचं ठरलेलं काम.

"हात हलवू नका," ही म्हणाली. "वाकडी वडी लोकांकडे नाही जायची. तुम्हालाच खावी लागेल."

"मग पाड वाकड्याच."

झाल्यावर ही पट्टी कढत पाण्याने धुवायला निघाली. मी खेकसलो, लाकूड आहे, वाकेल, पदराने पूस आणि माझ्या कामाच्या पिशवीत ठेव. तिने पुसली, ठेवली. सोमवारी पहाटे तिच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात नेली. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं.

मूलबाळ नव्हतं. तेरावा झाला आणि मी दफ्तरात जाऊन बसलो. घरात बसून करणार काय?

आमचं दफ्तर म्हणजे फ्रीगंज पेठेतली सरकारी कचेरी, नदीपावसाची मापं ठेवणारी. मी तिथे ट्रेसर, शिक्षण चौथी. मोठे बाबू पेन्सिलीने आलेख काढायचे, मी तो ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायचा. मग कापड औषध लावलेल्या कागदावर काचेखाली उन्हात ठेवून निळा छाप काढायचा. नावं, आकडे सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. चित्र म्हणून काढायचो, कोणी कधी चूक काढली नाही. आता मध्य भारत मोडून मध्य प्रदेश होणार होता, दफ्तर भोपाळला जाणार होतं, आणि हुकूम आला की तक्ते हिंदीत पाहिजेत. ज्याचा तक्ता पास, त्याचं नाव यादीत. बाकीचे फालतू, म्हणजे घरी. साहेब शनिवारी दुपारच्या गाडीने तक्ता घेऊन निघणार होते. माझं बायकोमाणूस गेलं होतं, नोकरी तेवढी उरली होती.

इंग्रजी अक्षर रेघेवर उभं राहतं, आपलं रेघेला लटकतं. म्हणून मी अक्षरं हाताने काढली आणि शेवटी माझी पट्टी लावून वरच्या रेघा शाईने ओढल्या. कापडावर झकास दिसत होतं. छाप निघाला तेव्हा आलेखाची वळणं जागेवर, अक्षरांची अंगं जागेवर आणि वरच्या रेघा तुटक. काही शब्दांच्या तर गायबच. मुंडकी उडवलेल्या माणसांची रांग दिसावी तसा तक्ता.

बुधवारी शाई बदलली. गुरुवारी निब बदलली, काच घासली, छाप उन्हात जास्त वेळ ठेवला, तर होत्या त्या रेघाही बुडाल्या. शुक्रवारी कापडच खिडकीत धरलं. वरच्या रेघेत शाई थेंबाथेंबाने बसली होती आणि गुंडाळी केली की तिचे कपचे निघत होते. म्हणजे काचेत खोट नाही, उन्हात नाही. उरला माझा हात.

मोठे बाबू इथले, मालव्यातले. वीस वर्षं शेजारी बसलेलो आम्ही. खुर्ची ओढून जवळ आले.

"दादा, बुरा मत मानना. हाथ नहीं चल रहा आपका. किसी और को दे दूं?"

मी म्हटलं, "कल सुबह तक रुको."

"दस बजे तक," म्हणाले आणि उठून गेले.

मी नळावर जाऊन तोंडावर पाणी मारून आलो. टेबलावर पट्टीला मुंग्या लागल्या होत्या. साऱ्या पट्टीला नाही, एकाच कडेला, ओळीने. झटकून कड नाकाशी नेली. तूप आणि वेलदोडा.

तेव्हा कळलं. पट्टी टेकली तिथे कापडाला तूप लागत होतं आणि तुपावर शाई धरत नाही. आलेखाच्या मोठ्या रेघा दफ्तराच्या टी-पट्टीने ओढलेल्या, त्या शाबूत. इंग्रजी अक्षरांना शाईची रेघच नसायची, म्हणून इतकी वर्षं वड्या पाडूनही काही बिघडलं नव्हतं.

तिथेच धोतराला पुसता आली असती. पुसली नाही. पट्टी घरी आणली आणि मुंग्यांसकट ओट्यावर ठेवली.

सकाळी चूल पेटवली, पाणी कढत केलं, सोडा टाकला आणि पट्टी घासली. वास जाईपर्यंत घासली, चार पाणी लागली. आठला दफ्तरात होतो. ब्लेडने सगळ्या वरच्या रेघा खरवडल्या, कापडाला खडूची पूड चोळली, पुसली आणि एकेक रेघ पुन्हा ओढली. छाप उन्हातून काढून पाण्यात बुडवला, तर प्रत्येक शब्द डोक्यासकट वर आला. बाबूंनी ओलाच छाप हातात धरून वाचला, मग जागेवर जाऊन यादीत माझं नाव लिहिलं.

पट्टी खिडकीत वाळत टाकली होती. घ्यायला गेलो तर एका टोकाला वाकली होती. मी तिला सांगितलं होतं.