किल्ली जालन्यात बराबर आहे

माझ्या आयुष्यात जे काही बरं घडलं, त्यातलं बहुतेक केदारखेड्याच्या माझ्या मामांमुळे घडलं, हे आधीच सांगून टाकतो. आणि हेही सांगतो, की साऱ्या दुनियेशी इतका घरोबा असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मामांनी जालना जिल्ह्याची हद्द आयुष्यात दोनदाच ओलांडली, दोन्ही वेळा लग्नासाठी, आणि दोन्ही वेळा जेवण होताच परत फिरले. पण जालन्याच्या एमआयडीसीतल्या सळईच्या एका कारखान्यात ते भंगार निवडायला होते, आणि ते भंगार जहाजातून कुठल्या कुठल्या देशांतून यायचं. त्यामुळे मामांच्या मते दुनियाच रोज त्यांच्याकडं येत होती. त्यांनी जायची गरज नव्हती.

इतर माणसं भंगार बघायची तेव्हा त्यांना वजन दिसायचं. मामांना घरं दिसायची. एखादा गंजका तवा हातात आला की ते तो उन्हाकडं धरून फिरवत राहायचे आणि म्हणायचे, "ह्या तव्यावर दोनच भाकरी भाजत होते. लेकरं दूर गेली असतील." तिकडं भाकरी करत नसतील, असं मी एकदा म्हणालो, तर माझ्या अडाणीपणाची कीव आल्यासारखं त्यांनी पाहिलं. विळा दिसला की त्याची झीज बघून मालक डावखुरा होता का ते ठरवायचे. सायकलची घंटी सापडली तर ती एकदा वाजवल्याशिवाय भट्टीच्या ढिगात टाकायचे नाहीत. शेवटचा आवाज तरी तिच्या मनासारखा व्हावा म्हणून. या सगळ्यात काम मागं पडायचं आणि सुपरवायझर ओरडायचा, "मामा, भट्टी थंडी होऊन राह्यली." मामा शांतपणे म्हणायचे, "आलो, आलो. पाव्हण्याला निरोप देऊन राह्यलो."

एकदा त्या ढिगात त्यांना एक किल्ली सापडली. लांब दांड्याची, जुनी, आणि तिला पत्र्याचा एक बिल्ला बांधलेला. त्यावरची अक्षरं कुणालाच लागेनात. मामांना दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर त्या किल्लीचा मालक आपल्याच बंद दाराबाहेर उभा होता. शेवटी त्यांनी माझ्या वहीचा कागद घेऊन लिहिलं: 'तुमची किल्ली जालन्यात बराबर आहे. काळजी करू नये. येताना राजूरवरून या, गणपतीचं दर्शन होईल.' खाली नाव, गाव, तालुका. तो कागद त्यांनी रिकाम्या झालेल्या कंटेनरच्या दाराशी आतून चिकटवला. बाजाराचा टेम्पो जसा ज्या गावाहून भरून येतो त्याच गावाला रिकामा परत जातो, तसाच कंटेनरही जात असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

तो कंटेनर दोन फाटकं पलीकडच्या बियाण्याच्या कारखान्यात गेला. तिथं राजूरचा एक हमाल होता, मामांच्याच मोटारसायकलवर मागं बसून येणारा. तिसऱ्या दिवशी तो कागद घेऊन दारात हजर झाला. "मामा, किल्ली न्यायला आल्तो."

मामांनी कागद उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "बिलकुल वाया न्हाई गेला. पोचला तर खरा."

"कुठं पोचला? मह्या हातात."

"मंग तू काय दुनियेभाईर हाईस का?"

किल्ली आणि कागद दोन्ही मामांच्या घरी देवाच्या कोनाड्यात गेली. मामी आल्यागेल्याला सांगायची, "ह्यायचे देव बराबर पावतेत, फक्त भंगार कुणाचं ते कळत न्हाई."

पण मामा नुसते कारखान्यातले नव्हते. केदारखेड्याला त्यांची तीन एकर तूर होती, आणि तिथंच त्यांच्या जिवाची ओढाताण होती. कारण तूरही जहाजातून यायला लागली होती. बाहेरचं लोखंड आलं की भट्टी पेटायची आणि मामांना काम मिळायचं. बाहेरची तूर आली की मोंढ्याच्या बाजारात मामांच्या तुरीकडं कुणी वळून बघायचं नाही. दर संकष्टीला कामावरून परतताना ते राजूरला थांबायचे आणि गणपतीला ही अडचण सविस्तर सांगायचे. एकदा त्या हमालानं मागं उभं राहून ऐकलं. "देवा, लोखंडाचं जहाज येऊ दे. तुरीचं तेवढं अडव."

"अन् दोन्ही एकाच जहाजात असलं तर?" हमाल म्हणाला.

मामांनी गाभाऱ्याकडं वळून पुन्हा हात जोडले. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी ते देवाला म्हणाले, "मंग त्याला हळू चालव. तूर विकली जाईपर्यंत."

या ओढाताणीत तिसरी बाजूही होती, ती म्हणजे आम्ही. वडील गेल्यावर आई आणि मी जालन्यात एका खोलीत राहायचो. आई मजुरीला जायची, डाळ विकत आणायची. ज्या वर्षी तुरीचा भाव पडून मामांचा चेहरा उतरलेला असायचा, त्या वर्षी आमच्या वरणात डाळ लागायची. मामा दुपारी डबा खायला आमच्याकडं येत आणि ते घट्ट वरण बघून विचारात पडत. "मही बहीण स्वस्त डाळ खाऊन राह्यली," ते मला म्हणत, "मंग मी कुणाला नावं ठेवू?"

बारावीनंतर त्यांनीच मला कॉलेजात नेलं. कुठला विषय, असं क्लार्कनं विचारलं तेव्हा माझ्याआधी मामा बोलले. "ज्यात जहाजाचं शिकवतेत तो." अशा रीतीनं मी अर्थशास्त्राकडं गेलो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तोसुद्धा मामांना एका प्रश्नाचा जवाब पाहिजे होता म्हणून. तीन वर्षं त्यांनी माझा खर्च केला, आणि दर सुटीत विचारलं, "आलं का त्यो धडा? माल येऊ द्यावा का न्हाई येऊ द्यावा?" मी म्हणायचो, एका बाजूनं असं आहे, दुसऱ्या बाजूनं तसं आहे. ते समजूतदारपणे मान हलवायचे. "चालू दे. मोठी पुस्तकं पुढं असतील."

नोकरीसाठी निघालो तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर ते विस्तवावर पाय पडल्यासारखे मागं सरकले. आमच्याकडं भाच्यानं मामाच्या पाया पडायचं नसतं. मामानं भाच्याच्या पडायचं असतं. त्यांनी माझ्या पायांना हात लावला आणि कोनाड्यातली ती किल्ली, तो कागद माझ्या हातात ठेवला. "तू समुद्राकडं चालला. चौकशी कर."

आता मी बंदरावरच्या एका कचेरीत कारकून आहे. माझ्या खिडकीतून जहाजं दिसतात. गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. बाहेरून तयार सळईच स्वस्त यायला लागली, म्हणून कारखान्यानं त्यांची पाळी बंद केली. निरोप येईपर्यंत घरी बसा, असं सांगितलं. आता सगळा भार त्या तीन एकरांवर. "पेरणी जवळ आली," ते म्हणाले. "तूर पेरू का नको, एवढं सांग. फोनवर नको. कागदावर लिहून पाठव, म्हंजे तुला एका बाजूनं अन् दुसऱ्या बाजूनं करता येणार न्हाई."

मी आठ दिवस कागद पुढं घेऊन बसत होतो. मग हे लिहिलं:

'ती. मामा,

या वर्षी तूर एकच एकर पेरा, घरच्या डाळीपुरती आणि आईपुरती. दोन एकरांत ज्वारी घ्या. तुरीची जहाजं मी रोज मोजतो आहे. ज्वारीचं जहाज अजून पाहिलेलं नाही. माझं चुकूही शकतं. पण या वेळी दुसरी बाजू सांगत नाही.

मोठ्या पुस्तकांत जवाब होता, मीच तुम्हाला सांगितला नाही. माल आला की आईसारख्या पुष्कळांचं थोडं थोडं भलं होतं आणि तुमच्यासारख्या थोड्यांचं पुष्कळ नुकसान होतं. ज्यांचं भलं झालं त्यांनी ज्यांचं बुडालं त्यांना भरून द्यावं, असं पुढं लिहिलं आहे. कुणी द्यावं आणि कधी, ते लिहिलेलं नाही. ती स्वस्त डाळ खाऊन मी वाढलो. म्हणून आपल्या घरापुरतं ते देणं माझ्याकडं लागतं. कारखान्याचा निरोप येईपर्यंत घरखर्च मी पाठवीन. नको म्हणू नका.

काल धक्क्यावर तुरीचं एक पोतं फुटलं होतं. मी मूठभर दाणे उचलून पाहिले. तुमच्यासारखाच कुणीतरी मामा तिकडंही असणार. मला राग आला नाही.

तुमचा तो कागद एका रिकाम्या कंटेनरात चिकटवला. या वेळी तो जहाजावर चढताना मी स्वतः पाहिला. जवाब यायला वेळ लागेल. किल्ली माझ्याजवळ बराबर आहे.

तुम्ही समोर असता तर मागं सरकला असता. कागदावर तसं करता येत नाही, म्हणून इथं तुमच्या पाया पडतो.

तुमचा भाचा'