लंगडणाऱ्यांची ओपीडी

जनावरांच्या दवाखान्यात पेशंट बोलत नाही, त्यामुळे मालक दुप्पट बोलतो. २०१४ला मी डॉक्टर म्हणून तलासरीत रुजू झाले, पुढे डहाणूला बदली झाली, आणि किस्से साठतच गेले. सगळ्यांत रंगतात ते लंगडणाऱ्यांचे. सोबतीला आमचे ड्रेसर रमणभाई. घरी गुजराती, दवाखान्यात मराठी, आणि चेहरा कायम गंभीर.

*

झरीचे जान्याकाका आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बैल घेऊन आले. उन्हाळाभर बसून खाल्लेला बैल एकदम दिवसभर चिखलात जुंपलेला. खांदा टरारून सुजला होता.

"आठ दिवस पूर्ण आराम," मी म्हटलं.

"आणि मला?" काकांचीही कंबर धरली होती! मी त्यांना माणसांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बैल बघायला घरी गेले. बैल गोठ्यात, काका खाटेवर.

"मलापण आठ दिवसच सांगितले. आता बायको दोघांना चारा टाकते."

*

डहाणूत चिकूची गाडी ओढणाऱ्या एका बैलाची मांडी लचकली. मी पहिल्या दिवशी बर्फ लावायला सांगितला. मालकीण सुमनताईंनी मासळी बाजारातून बर्फ आणला, गोणपाटात बांधून मनापासून लावला.

नंतर भेटल्या तेव्हा विचारलं, "चालतो ना आता?"

"झकास चालतो. फक्त मागून गावातली मांजरंपण चालतात."

*

एक वाडीवाले काका कुत्रा घेऊन आले. सोबत त्यांचा मुलगा, पोलीस भरतीची तयारी करणारा. रोज सकाळी तो आणि कुत्रा समुद्रावर एकत्र धावायचे म्हणे. कुत्र्याच्या मागच्या मांड्या दगडासारख्या कडक, पंजे सोललेले.

"अति धावणं झालंय," मी म्हटलं.

काका मुलाकडे वळले. "मग तुला कसं काही होत नाही?"

मुलगा म्हणाला, "मी स्कूटरवर असतो."

रमणभाई पट्टी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "काका, भरतीचा फॉर्म कुत्र्याचा भरा."

*

आणि आशागडची घोडी! अन्वरभाईंची चांदणी. लग्नाच्या तिथी नव्हत्या, म्हणून बरेच दिवस नुसती उभी, हरभऱ्याचा खुराक मात्र पूर्ण. तिथी सुरू झाल्या त्या दिवशी भर वरातीत तिचे मागचे पाय लाकडासारखे आखडले. फोन आला तशी मी आणि रमणभाई बाईकवर सुटलो. घोडी घामाने निथळत होती, लघवी कोऱ्या चहासारखी काळी.

"हिचे स्नायू आतून फाटतायत. आता एक पाऊलही चालवू नका, नाहीतर जाईल."

अन्वरभाई रडायला लागले. नवरदेवाचे मामा भडकले, "बाई, मुहूर्त टळेल त्याचं काय?"

नवरदेव घोडीशेजारी उभा होता. त्याने विचारलं, "हिला ऊब लागेल का?" मी हो म्हटलं. त्याने अंगावरचा जरीचा शेला काढून तिच्या पाठीवर घातला, माझा नंबर घेतला आणि पायीच मांडवाकडे निघाला. मामांसकट सगळी वरात त्याच्या मागे.

मी इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. बाटल्यांवर बाटल्या गेल्या. रमणभाई बाटली धरून उभे, अन्वरभाई तिच्या कानात काहीतरी पुटपुटत. शेवटी लघवीचा रंग उतरला. चांदणीने बादलीत तोंड घातलं.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर, मागे सनई.

"डॉक्टर, मी नवरी बोलतेय. घोडी कशी आहे?"

"धोका टळला. आत्ताच पाणी प्यायली."

तिने फोन तोंडापासून लांब केला, तरी मला स्पष्ट ऐकू आलं.

"भटजी, आता धरा अंतरपाट."