चाक सरळ ठेवणे

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आणि हे मी उगाच म्हणत नाही. गेली चौदा वर्षं मी हडपसरच्या एका ऑफिसात गाड्यांच्या इन्शुरन्सचे क्लेम तपासते. "मॅडम, गाडी आपोआप सरकली हो!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फॉर्म उघडायच्या आधीच हसू येतं. गाडी आपोआप सरकत नाही. उतार असतो, हँडब्रेक लावलेला नसतो, नाहीतर साहेबांचा मेव्हणा गाडी शिकत असतो. चौथं कारण नसतं, असं मी नवीन पोरांना शिकवते… म्हणजे शिकवत होते.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. मी आणि आई. आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं — मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसहाला बेडवर हजर. एवढ्या सकाळी रिक्षावाल्याला हॉस्पिटलचं नाव सांगितलं की तो आपण काश्मीर म्हटल्यासारखा बघतो. कॅब बुक होते, 'दोन मिनिटांत पोचतोय' म्हणते आणि कॅन्सल होते. चार महिने हा छळ सोसला आणि शेवटी वाघोलीच्या एका गृहस्थाकडून नऊ वर्षं जुनी छोटी गाडी घेतली.

घेतली म्हणजे काय, अंगावर ओढवून घेतली! आरसी ट्रान्सफर, इन्शुरन्स, पीयूसी, नवीन नंबरप्लेट. नंबरप्लेटची अपॉइंटमेंट मिळाली ती परत वाघोलीलाच. आधीच्या मालकाची दोन चलानं माझ्या नावावर. एवढं सगळं निस्तरून गाडी दारात आणली तर आमचे सेक्रेटरी पाटणकर गेटवर हाताची घडी घालून उभे.

"गाडी घेण्याआधी पार्किंग घ्यायचं असतं, कुलकर्णीबाई. मुलगी बघायच्या आधी कोणी मंडप घालत नाही हे खरंय, पण पार्किंगचं उलटं असतं."

चोवीस फ्लॅट आणि नऊ पार्किंग. बाकीच्या गाड्या मधल्या पॅसेजमध्ये, पार्किंगवाल्यांच्या तोंडाला आडव्या. त्यासाठी सोसायटीचा नियम होता: पॅसेजमधली गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न लावता आणि चाक सरळ ठेवून सोडायची. म्हणजे ज्याला निघायचं असेल तो ढकलून वाट करून घेईल. चाक वाकडं राहिलं तर गाडी ढकलल्यावर तिरकी जाते आणि भिंतीला घासते.

हा नियम ज्यांनी केला ते लिमये काका तळमजल्यावर तीन नंबरमध्ये एकटेच राहायचे. रिटायर्ड, सत्तरीच्या पुढचे, स्वतःकडे फक्त एक जुनी स्कूटर. पार्किंग मात्र त्यांच्या मालकीचं होतं. माझी आणि पाटणकरांची हमरीतुमरी ऐकून ते दारात आले आणि म्हणाले, "बाईंची गाडी माझ्या जागेवर लावा." मी भाडं विचारलं तर म्हणाले, "महिन्यातून एकदा तरी गाडी धुवा. तेवढं पुरे."

असा माणूस देवमाणूसच, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं, साधारण आठवडाभर. मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. ऑफिसातून यायला मला उशीर झाला की जागेसमोर कोणीतरी आडवा असायचाच, मग मीही पॅसेजमध्ये गाडी टाकून वर जायचे. सकाळी वायपरखाली वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर बारीक अक्षरात — 'चाक सरळ ठेवणे. लिमये.' बास. ना नमस्कार, ना विनंती. एका आठवड्यात तिसऱ्यांदा चिठ्ठी आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. खाली पॅसेजमध्ये काका स्वेटर घालून एका गाडीच्या चाकामागे त्यांची ती पिवळी वीट सरकवत होते. अख्ख्या सोसायटीत पिवळ्या रंगाने रंगवलेली ती एकच वीट. पॅसेजच्या आतल्या टोकाला चढ आहे, तिथे ढकललेली गाडी मागे येऊ नये म्हणून.

"काका, तुम्हाला दुसरं काही काम नाही का हो?" मी चारचौघांत ओरडले.

"आहे ना," ते म्हणाले. "पण ते तुमची गाडी बाहेर पडल्यावर."

मी काच वर केली आणि निघाले. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. दीड महिन्यात काका झोपेतच गेले. तेराव्याला मी जाऊन आले, त्यांच्या मुलाला भेटले. तो म्हणाला, पार्किंग वापरत राहा. मी मान डोलावली आणि घरी आले.

आणि पुढच्याच मंगळवारी कळलं. सकाळी सहाला आईला घेऊन खाली उतरले तर माझ्या गाडीसमोर दोन गाड्या आडव्या. त्या हलवेपर्यंत वीस मिनिटं गेली. गुरुवारी तीन. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की गेल्या सात महिन्यांत डायलिसिसच्या दिवशी माझी वाट एकदाही अडली नव्हती. एकदाही नाही! मला वाटायचं, आपलं नशीब. वॉचमनला विचारलं तेव्हा कळलं. अहो कसलं नशीब… सत्तरीचा म्हातारा पहाटे साडेपाचला उठून खांद्याने गाड्या ढकलत होता, आणि मी त्याला विचारलं होतं, दुसरं काम नाही का.

काका गेले आणि नियमही गेला. कोणाचा तरी बंपर घासला आणि बारा नंबरचे वानखेडे हँडब्रेक लावायला लागले. अमरावतीकडचे, आयटीतले, नवी कोरी पांढरी भलीमोठी गाडी. त्यांचं बघून सगळेच लावायला लागले. मी मीटिंगमध्ये दोनदा भांडले. पाटणकर म्हणाले, "लेखी द्या." लेखी दिलं. फाईलला लागलं. सलग दोन वेळा उशिरा पोचलो म्हणून आईचं डायलिसिस कमी तास झालं, आणि त्या शनिवारी तर झालंच नाही. आडवी गाडी कोणाची हे शोधेपर्यंत साडेसात वाजले आणि बेड दुसऱ्याला गेला. सोमवारी या म्हणाले.

रविवारी दुपारी पावणेतीनला आईला धाप लागली. जेवून पडली होती, एकदम उठून बसली. ओठ निळसर. "मीनल, श्वास…" एवढंच म्हणाली. अँब्युलन्सला फोन केला, ते म्हणाले चाळीस मिनिटं. मी धावत खाली गेले. माझ्या गाडीसमोर वानखेड्यांची पांढरी गाडी आडवी. हँडब्रेक लावलेला, गियरमध्ये, लॉक, आणि चाकं पूर्ण उजवीकडे वळलेली.

वॉचमन धावत आला. "सायेब गावाला गेल्यात, म्याडम. लग्न हाय. चावी काय ठिवली न्हाई."

आम्ही दोघांनी जीव खाऊन ढकलली. बोटभरही हलली नाही. रविवारची दुपार, सगळं पुणं झोपलेलं. मी दोन दारांच्या बेल वाजवल्या, कोणी उघडलं नाही. वॉचमनला म्हटलं, पळ, मेन रोडवरून मिळेल ती रिक्षा आण. आणि मी आईला आणायला वर गेले. लिफ्टमध्ये मी मोठमोठ्याने रडत होते. आणि खोटं कशाला सांगू, रडताना शिव्याही घालत होते — वानखेड्यांना, पाटणकरांना, या शहराला, आणि काकांनासुद्धा. "आत्ताच जायचं होतं का हो तुम्हाला!" असं मी मोठ्याने म्हणाले. हे मला नीट आठवतंय.

आईला खुर्चीवर बसवून, खुर्ची ओढत लिफ्टमध्ये, लिफ्टमधून खाली. चारपाच मिनिटं लागली असतील. पॅसेजमध्ये आले तर माझ्या गाडीसमोर काहीच नव्हतं. पांढरी गाडी सातआठ फूट आत सरकलेली. मी विचार केला नाही. आईला बसवलं आणि गाडी काढली. गेटमधून बाहेर पडताना वॉचमन समोरून येताना दिसला, रिक्षा मिळाली नाही असं हाताने सांगत.

हॉस्पिटलमध्ये आईला लगेच मशीनवर घेतलं. फुप्फुसात पाणी भरत होतं. वेळेत आणलंत म्हणाले. रात्री तिला तिथेच ठेवलं आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे न्यायला घरी आले. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. पांढऱ्या गाडीची चाकं सरळ होती, आणि मागच्या चाकाला पिवळी वीट लावलेली.

मी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "म्याडम, म्या तर रोडवर हुतो." खोटं बोलायचं त्याला कारण नव्हतं. मी स्वतः त्याला बाहेरून येताना बघितलं होतं.

वानखेडे तीन दिवसांनी आले आणि भडकलेच. "माझी गाडी कोणी सरकवली बाप्पा? चावी तर माझ्या खिशात होती ना जी!" गाडीवर ओरखडा नव्हता, काच फुटलेली नव्हती, हँडब्रेक अजून लावलेलाच होता, स्टिअरिंग लॉक. मग कमिटी बसली आणि कॅमेरा बघितला.

पाटणकर, वानखेडे आणि मी. रेकॉर्डिंगमध्ये मी आणि वॉचमन ढकलतोय. मग तो गेटकडे पळतो, मी लिफ्टकडे. पॅसेज रिकामा. मिनिटभर काही नाही. मग त्या गाडीची पुढची चाकं हळूहळू सरळ होतात. आधी चाकं. मग गाडी आत जायला लागते, थांबत थांबत, माणूस दम खायला थांबतो तशी. पॅसेजचा उतार गेटकडे आहे. गाडी चढाला गेली. विटेची बाजू कॅमेऱ्यात येत नाही.

आम्ही तीनदा बघितलं. उतार उलट्या बाजूला, हँडब्रेक लावलेला, आणि मेव्हणा तर नव्हताच. वानखेडे खुर्चीत मागे सरकून बसले. "काकाच असे ढकलत होते ना जी," एवढंच म्हणाले.

तरी पाटणकर ते पाटणकरच! "दुसऱ्याचं वाहन विनापरवानगी हलवल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा लागेल. तुमच्यासाठी हललंय."

मला इतका संताप आला म्हणून सांगू. आई तिकडे हॉस्पिटलमध्ये आणि इथे खुलासा! कागद ओढला आणि लिहिलं — 'गाडी आपोआप सरकली.' वाचलं. असा क्लेम मी स्वतः फेटाळला असता. फाडला. दुसरा कागद घेतला आणि लिहिलं, 'सदर गाडी श्री. लिमये, फ्लॅट नं. ३, यांनी सरकवली. माझ्या आईला हॉस्पिटलात न्यायचे होते.' खाली सही.

पाटणकरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं आता टोमणा येणार.

"तारीख घालायची राहिली," ते म्हणाले.

मी तारीख घातली. त्यांनी कागदाला पंच केलं आणि फाईलला लावला.

बॅटरी, ब्रेक, लॉक, मी ऑफिसातल्या सर्व्हेयरलाही सगळं विचारून बघितलं. त्याने माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी चौदा वर्षं लोकांकडे बघत आले. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. विश्वास बसला का, तर तेही सांगता येत नाही. काकांना थँक्यू म्हणायचं राहून गेलं, ते आता कुठे जाऊन म्हणू, हेही कळत नाही.

परवा शनिवारी सकाळी सहाला आईला घेऊन खाली आले. वानखेडे स्वेटर घालून पॅसेजमध्ये उभे होते, त्यांची गाडी आत ढकललेली, मागे पिवळी वीट. बाकीच्या गाड्यांचीही चाकं सरळ. आईने खिडकीतून सगळं बघितलं आणि मला म्हणाली, "गाडी धू गं आज. महिना होऊन गेला."

संध्याकाळी धुतली.