माझ्या वाटणीचे दिवस

मला अरबी भाषा येत नव्हती, पण अक्षरं वाचता येत होती. रायगडच्या खाडीकाठी आमचं गाव. तिथल्या मदरशात लहानपणी कुराण वाचायला शिकले होते. अर्थ कळत नसे, उच्चार मात्र बिनचूक. ती अक्षरं पुढे अबुधाबीतल्या एका टायपिंगच्या दुकानात कामाला येतील, असं कधी वाटलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मुलगी सहा वर्षांची होती. नवरा तेलकंपन्यांना माल पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे स्टोअर्स सांभाळायचा. माझा व्हिसा रिन्यू करायचा होता आणि अर्ज अरबीत टाइप करून द्यावा लागे, म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. गाडी नको तिथे लावली होती, ती हलवायला ते बाहेर गेले. टायपिस्ट मल्याळी गृहस्थ होता. त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. "नाम चेक करो, सिस्टर."

मी बोट ठेवून वाचू लागले. नवऱ्याचं नाव. खाली कुटुंबाच्या यादीत 'जौजा', म्हणजे बायको, एवढा शब्द मला माहीत होता. पुढे माझं नाव. त्याच्या खाली पुन्हा 'जौजा'. पुढचं नाव माझं नव्हतं.

मी ते तीनदा वाचलं. टायपिस्टला वाटलं, स्पेलिंग चुकलंय. "गलत है क्या?"

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."

घरी येऊन भात लावला, मुलीचा गणवेश धुतला. चार दिवस मी त्यांच्याकडे बघत होते. हा माणूस काही लपवतोय असं कुठेच दिसत नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. पाचव्या दिवशी शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज पढून ते जेवायला बसले. ताटात सुरमईचं कालवण वाढता वाढता मी विचारलं, "ती कुठली?"

त्यांनी घास खाली ठेवला. कोण, असंही विचारलं नाही.

"महाडकडची. गेल्या सुट्टीत निकाह झाला. मी सांगणारच होतो."

"कधी?"

"ती आल्यावर." मग शांतपणे पुढे म्हणाले, "शरियतने परवानगी दिलीय. तुझं काही कमी होणार नाही. दोन दिवस इथे, दोन दिवस तिथे. जे तुला आणीन ते तिला, जे तिला ते तुला."

मी गावी फोन लावला. अब्बा म्हणाले, "बेटा, मुलगी लहान आहे तुझी. इथे येऊन काय करणार?" मागून आईचा रडण्याचा आवाज येत होता. तिच्या हातात फोन कोणी दिला नाही.

ती महिन्याभराने आली. दोन सिग्नल पलीकडच्या इमारतीत त्यांनी फ्लॅट घेतला होता. वाटणी मात्र त्यांनी खरोखर पाळली. मासळी दोन पिशव्यांत यायची, ईदचं कापड एकाच थानातलं दोन तुकडे करून. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस, इतका इन्साफ कोण करतं. त्या तसं म्हणाल्या की माझं डोकं तडकायचं. नवऱ्याच्या वाटणीत मला बोट ठेवायला जागा मिळत नव्हती, आणि रात्री उशीला तोंड लावून रडावं तर शेजारी मुलगी जागी व्हायची.

माझे नसलेले दोन दिवस फार अवघड जायचे. गाडी तिकडे, नवरा तिकडे, दूध संपलं तर मी खिडकीशी त्यांची वाट बघत. एकटीने रस्ता ओलांडून दुकानात जायचंही मला धाडस होत नसे. अबुधाबीत येऊन सहा वर्षं झाली होती, पण मी एकटी कुठे गेलेच नव्हते.

असाच एक शुक्रवार होता. मुलीला दम्याचा त्रास होता, पण त्या दुपारी तिला श्वासच घेता येईना. ओठ काळसर पडू लागले. मी तिकडच्या घरी फोन केला. एंगेज. पुन्हा केला, एंगेज. मुलीला कडेवर घेऊन खाली उतरले. जुम्म्याची वेळ होती. दुकानांची शटर्स खाली, रस्ता रिकामा, एकही टॅक्सी नाही. सगळे पुरुष मशिदीत. लाउडस्पीकरवरून खुतबा, नमाजआधीचं प्रवचन, ऐकू येत होता. मी त्या उन्हात उभी राहून ओरडले, पण कोणत्या भाषेत ओरडावं तेही मला कळेना.

आमच्याच इमारतीत राहणारी एक पॅलेस्टिनी शिक्षिका गाडी काढत होती. जिन्यात दिसली की मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. तिने मुलीकडे एकदा बघितलं आणि मागचं दार उघडलं. "यल्ला, यल्ला!" दहा मिनिटांत आम्ही हॉस्पिटलात होतो. मुलीच्या तोंडावर मास्क लावला तेव्हा ती बाई माझ्या शेजारी बसून राहिली. मोडक्या इंग्रजीत मी तिला विचारलं, "गाडी कशी शिकलीस?"

ती हसली. "शिकणं सोपं आहे. आधी नवऱ्याची चिठ्ठी लागते. त्याची हरकत नाही अशी."

संध्याकाळी नवरा धावत आला. तिकडे फोनचा रिसीव्हर नीट ठेवला गेला नव्हता म्हणे. मला ते खरं वाटलं, अजूनही वाटतं. पण त्यांनी मुलीच्या केसांतून हात फिरवला, तेव्हाच मी म्हणाले, "मला गाडी शिकायचीय. चिठ्ठी द्या."

"आता हे काय नवीन? मी आहे ना."

"तुम्ही नव्हता."

ते उठून बाहेर गेले.

पुढचे पाच महिने घरात तोच विषय. मी रोज विचारत नसे. त्यांच्या येण्याच्या पहिल्या दिवशी एकदा विचारायची, बास. ते कधी हसण्यावारी न्यायचे, कधी चिडायचे. "आपल्या लोकांत कोणाची बायको गाडी चालवते? मला कंपनीच्या कॅम्पमध्ये तोंड दाखवायचंय." एकदा ताट ढकललं. आणि एकदा, अगदी हळू आवाजात, "तुझा पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, लक्षात ठेव." त्यानंतर मी आठवडाभर विचारलं नाही. मग पुन्हा सुरू केलं.

एका सकाळी, ते कामावर गेल्यावर, मी मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवलं आणि चालत निघाले. दोन सिग्नल. पहिल्यांदाच एकटी. तिच्या दारावरची बेल दाबली.

जिने दार उघडलं ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होती. पोटुशी होती. मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

"आपा," ती म्हणाली, आणि दारातच रडू लागली.

मी भांडायला गेले नव्हते, पण तिच्यासाठी माया घेऊनही गेले नव्हते. मी सोफ्याच्या कडेला बसले. घर माझ्याच घरासारखं होतं. पडदे तेच, घड्याळ तेच. तिने पाणी आणलं.

"तुम्हाला काय हवंय ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "ते घरी येऊन चिडतात, तेव्हा सगळं बोलतात."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार, आपा? पुढच्या महिन्यापासून ते वाळवंटातल्या साइटवर जाणार आहेत. पंधरा दिवस तिकडे, आठवडाभर इथे. मी बाळंत होईन तेव्हा मला कोण नेणार?"

ही बातमीही मला तिच्याकडूनच कळत होती.

ती बी.कॉम. झालेली होती. नवऱ्याची इंग्रजी पत्रं तीच लिहायची. चार दिवसांनी तिने ती चिठ्ठी स्वच्छ अक्षरात लिहिली आणि तिच्या वाटणीच्या दिवशी त्यांच्यापुढे ठेवली. काय बोलणं झालं, ते तिने मला नंतर सांगितलं. म्हणाली, "मी सांगितलं, आपांना गाडी येत नसेल तर मला बाळंतपणाला गावी पाठवा." त्यांनी सही केली आणि ती चिठ्ठी माझ्या टेबलावर आदळली.

"दोघी एक झालात तर!"

आम्ही एक वगैरे झालो नव्हतो. तिने स्वतःसाठी केलं, मी माझ्यासाठी घेतलं. माझ्या लेकीच्या काळ्या ओठांनी जे झालं नाही ते तिच्या पोटातल्या बाळाने झालं, हे मला कितीतरी वर्षं सलत होतं. पण चिठ्ठी मी घडी करून पर्समध्ये ठेवली.

शिकवायला सीरियन बाई होती. क्लच सोडताना गाडी बंद पडली की माझ्या गुडघ्यावर चापट मारायची. पोलिसांच्या टेस्टमध्ये मी तीनदा नापास झाले. तिसऱ्यांदा तर गोल चौकात मधेच थांबले. घरी आले तर नवरा सुट्टीवर आलेला. "झालं समाधान?" म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी चौथ्या टेस्टची तारीख घेतली. चौथ्या टेस्टला अधिकाऱ्याने मला जेमतेम दोन वळणं घ्यायला लावली, गाडी कडेला लावायला सांगितली आणि म्हणाला, "खलास." पास की नापास, कळेना. मी स्टिअरिंग धरून तशीच बसले. शेवटी मागे बसलेली फिलिपिनो मुलगी म्हणाली, "मॅडम, ही सेज यू पास. प्लीज गो आउट."

सवतीला बाळंतपणासाठी मीच घेऊन गेले. सकाळी दहाची वेळ, नवरा साइटवर, मुलीच्या शाळेला सुट्टी, रस्त्यावर ट्रॅफिक. ती मागच्या सीटवर कळा सोसत होती आणि पुढे बसलेली माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, ग्रीन झालं." मी आरशात बघितलं नाही. मुलगा झाला. नर्सने तो आधी माझ्या हातात दिला, कारण तिला वाटलं मी आत्या आहे की मावशी, कोण जाणे. मला त्याचा राग करता आला असता तर सोपं झालं असतं.

त्यानंतर एका भारतीय शाळेत, लहान मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून मला काम मिळालं. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा महिनाभर धुसफूस. या वेळी मीच लिहिली, चुकांसकट. त्यांनी सही केली, पण दर सुट्टीत ते म्हणायचे, "पुरे आता. सोड." शाळेत मी टिकले. हळूहळू मुलांना शिकवू लागले, मग पत्राद्वारे अभ्यास करून सुट्ट्यांमध्ये परीक्षा देत बी.ए. केलं. दोन हजार साल उलटलं तेव्हा मुलगी कॉलेजात जाण्याच्या बेतात होती.

त्या वर्षी ते साइटवरून परत अबुधाबीत आले, कायमचे. पहिल्याच आठवड्यात जेवताना म्हणाले, "आता मी इथे आहे. नोकरी बंद. नाही तर या वेळी व्हिसा रिन्यू करणार नाही."

मुलगी घास हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली.

"नका करू," मी म्हणाले. "शाळा मला स्वतःचा व्हिसा द्यायला तयार आहे. मी विचारून ठेवलंय."

"कधी?"

"गेल्या वर्षी."

मीच पुढे बोलले, कारण तेव्हा थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. "आणि माझ्या वाटणीचे दोन दिवस मी सोडते. बायकोला आपला वाटा सोडता येतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही तिकडेच राहा. तलाक मागत नाही. मुलीचे वडील म्हणून या, जेवायला या. पण या घराची किल्ली मला द्या."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

त्यांनी हात धुतले. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. आमच्या दाराची किल्ली कडीतून निघेना. नखाने ओढत राहिले. मी मदत केली नाही. शेवटी ती निघाली, आणि त्यांनी ती ताटाशेजारी ठेवली.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर दाराची बेल वाजली. मी जाऊन दार उघडलं आणि म्हणाले, "या."