दोरीवरच्या बारा पट्ट्या

मनुबाई रहिमतपूरची. नवरा ऐन तारुण्यात गेला. दिराच्या घरात भाकरीपेक्षा टोमणेच जास्त मिळायला लागले, तेव्हा बाईनं गाठोडं बांधलं नि सरळ सांगली गाठली. विष्णुपंत डॉक्टरांच्या बाळंतगृहात ती कामाला लागली. लुगडी धुवायची, बाळंतिणींचं अंग चोळायचं आणि पट्ट्या सांभाळायच्या. लढाईचे दिवस ते! नेसायला कापड मिळेना, तिथं पट्ट्यांना नवं गॉजचं कापड कुठलं? वापरलेल्या पट्ट्या मनुबाई धुवायची, उकळायची, परसातल्या दोरीवर वाळत घालायची. दर बाळंतपणाला बारा आत द्यायच्या, बारा परत घ्यायच्या. बाई अडाणी, पण बारा मोजताना कधी चुकली नाही.

त्रेचाळीस सालच्या माघात माधवनगरजवळच्या एका जैन शेतकऱ्याची सून, चंदनबाला, पहिल्या बाळंतपणाला तिथं आली. मुलगी झाली. रक्त थांबेना म्हणून डॉक्टरांनी आत पट्ट्या कोंबल्या, थांबल्यावर भराभर ओढून काढल्या नि टांग्यात बसून गेले. क्लबात पत्त्यांचा डाव खोळंबला होता ना! आता काय बोलावं अशा माणसाला?

मनुबाईनं धुताना पट्ट्या मोजल्या. अकरा. मोरी धुंडाळली, बादली उपडी केली. अकराच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भीत भीत म्हणाली, "डाक्टरसायेब, एक पट्टी कमी हाय. बाईच्या आत तर ऱ्हायली न्हाई न्हवं?"

विष्णुपंत भडकले. "मला शिकवतेस? कुणाच्या तरी पोराला लंगोट करायला पळवली असशील. संध्याकाळपर्यंत दोरीवर बारा दिसल्या नाहीत तर गाठोडं उचल आणि चालती हो!"

इथंच घात झाला. तिच्या डोळ्यांपुढं दिराचं दार आलं. तिनं अकरांतली सगळ्यांत लांब पट्टी काढली, मधोमध कापली, कडांना टाके घातले नि दोन्ही तुकडे दोरीवर टाकले. झाल्या बारा! डॉक्टरांनी लांबूनच बघितलं नि मान हलवली.

तिसऱ्या दिवशी चंदनबालेला थंडी वाजून ताप भरला. डॉक्टर म्हणाले, हिवताप, क्विनाइन दिलं. सासू चंपाबाई म्हणाली, बाळंतिणीला वारा बाधला. तिनं खिडक्या लावून घेतल्या. पण लुगडं बदलताना मनुबाईला वास आला. हिवतापाला असला वास येतो होय? ती धावत डॉक्टरांकडं गेली. "सायेब, पट्टी आतच हाय वो!"

"बारा वाळताहेत की दोरीवर. तूच मोजल्यास ना?" डॉक्टर म्हणाले.

मनुबाईनं दोरीकडं बघितलं. खरं सांगावं तर चोर ठरणार, गप्प बसावं तर चंदनबाला मरणार. आणि ती गप्प बसली हो, दोन दिवस गप्प बसली.

पाचव्या दिवशी तापलेल्या हातानं तिचं मनगट धरून चंदनबाला म्हणाली, "मावशी, पोरीला मी दूध कवा पाजायचं वो?"

मनुबाईला राहवलं नाही. ती परसात पळाली, दोन्ही तुकडे ओढून आणले नि चंदनबालेच्या नवऱ्यासमोर, अजितकुमारसमोर, जोडून धरले. "दादा, ह्या दोन न्हवं, एकच हाय. मी कापली. बारावी तुमच्या मंडळींच्या पोटात हाय. मिरजेला न्या, आत्ता न्या!"

मिरजेच्या दवाखान्यात पट्टी निघाली, काळी पडून कुजलेली. पण विष अंगभर भिनलं होतं. दोन दिवसांनी चंदनबाला गेली. विष्णुपंतांची पाटी मात्र होती तिथंच राहिली. सगळ्यांना ते सांगत सुटले, की मोजणारी बाईच लबाड. मनुबाईला त्यांनी हाकलून दिलं.

महिन्याभरानं अजितकुमार तिच्या खोपटाचा पत्ता काढत आला. हातात लुगडं-चोळी होती. "मावशी, सगळे गप होते. तुमी एकट्याच खरं बोललासा," म्हणाला नि लुगडं तिच्या हातात दिलं. मग उंबऱ्याशी जरा थांबला. "तुमाला कवा कळलं होतं वो?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! मनुबाईनं खाली बघितलं.

"पैल्याच दिवशी, दादा."

मनुबाईनं लुगडं पुढं केलं. त्यानं ते परत घेतलं नि गेला.