वैद्यांची बिस्किटं

बेकरीत गिऱ्हाईक पाव घेऊन जातं आणि किस्सा ठेवून जातं. पाव संध्याकाळपर्यंत खपतो, किस्सा मात्र शिळा होत नाही. त्यात शेजारी वैद्यांचा दवाखाना असेल तर मग विचारूच नका!

नव्वदच्या दशकात नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझी छोटी बेकरी होती. शेजारी आप्पा वैद्य. माझ्या खारीवर त्यांचा राग. "तू पोटं बिघडव, मी दुरुस्त करतो. छान चाललंय आपलं!" असं ते गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे.

एक दिवस मी वैतागून म्हणालो, "मग तुम्हीच सांगा पोटाला मानवेल असं बिस्कीट!"

दुसऱ्या दिवशी आप्पा ओवा, सुंठ, जिरं, मिरी आणि हिंग घेऊन हजर. झालं, आमचं पाचक बिस्कीट सुरू!

*

पहिल्याच दिवशी आप्पांनी पिठात सढळ हातानं हिंग घातला. बिस्किटं बरी झाली. पण त्याच भट्टीत मागून वाढदिवसाचा केक गेला होता.

संध्याकाळी एक बाई केकचा डबा घेऊन परत आल्या. शांतपणे डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, केकला फोडणी कशाची दिलीय?"

*

आमचे भट्टीवाले शरीफचाचा कामात पक्के, पण मराठी जेमतेम. एकदा आप्पा दुकानात उभे राहून एका पेशंटला समजावत होते, "तुमचा अग्नी मंद झालाय. तो प्रदीप्त करायला हवा. लगेच!"

चाचांनी आतून ऐकलं आणि भट्टीत चार लाकडं सारली. सगळा घाणा काळाठिक्कर!

मी ओरडलो, तर चाचा म्हणाले, "वैद्यजीने बोला ना, आग मंद है!"

आप्पांनी एक काळं बिस्कीट उचलून उलटसुलट पाहिलं. "टाकू नकोस. दंतमंजन म्हणून खपेल."

*

नामपूरचे एक कांदा व्यापारी नाशिकला आले की आप्पांकडे यायचे. तक्रार एकच, भूक लागत नाही. आप्पांनी त्यांना आमची बिस्किटं दिली. महिन्याभरानं गडी परत आला, पण चेहरा पडलेला.

"गुण आला नाही का?" आप्पांनी विचारलं.

"गुण उना ना! भूक इतली लागस, बायको म्हनस, आते भूक मारानं बिस्कुट लई ये!"

*

मग आम्हाला हुरूप आला. नाशिकरोडच्या एका मोठ्या दुकानदाराकडे नमुना घेऊन गेलो. शेठ जेवून गादीवर टेकले होते. बिस्कीट खाल्लं, तोंड वाकडं केलं. "औषधासारखं लागतं. नाही खपणार."

आम्ही डबा आवरायला घेतला आणि शेठनी असा ढेकर दिला की हिशेब करणारा मुनीम दचकला!

आप्पांनी शांतपणे खिशातून पेन काढलं. "किती पुडे लिहू?"

*

दोन हजार सालानंतर समोरच्या बिल्डिंगमध्ये एक तरुण एमडी डॉक्टर आले. आप्पांचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं. "हे लोक मशीन लावल्याशिवाय माणसाकडे बघत नाहीत," असं आप्पा म्हणायचे.

एका दुपारी आप्पा दवाखान्याच्या पायरीवरच बसलेले दिसले. घामाघूम. हात छातीवर.

"आप्पा, काय होतंय?"

"कोणाला सांगू नकोस. दुखतंय."

मी आणि चाचांनी त्यांना दोन्हीकडून धरलं आणि रस्ता ओलांडून थेट त्या डॉक्टरांकडे नेलं. आप्पांनी एका शब्दानं विरोध केला नाही, त्यानं तर मी जास्तच घाबरलो.

डॉक्टरांनी पटापट ईसीजी काढला, नाडी पाहिली, पोट दाबलं. चाचा दारात डोळे मिटून पुटपुटत होते.

"हार्ट एकदम ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "काल काय खाल्लंत?"

आप्पा छताकडे बघत म्हणाले, "लग्न होतं."

"जिलेबी?"

"...आणि मठ्ठा. आणि भजी."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी टेबलाचा ड्रॉवर उघडला, आतून आमच्याच बिस्किटांचा पुडा काढला आणि आप्पांच्या हातावर दोन ठेवली. "हे खा. पेशंटना मी हेच देतो."

आप्पांनी एक बिस्कीट नाकाजवळ नेलं, वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं,

"याचे साइड इफेक्ट काही नाहीत ना?"